डोहाळजेवणाची ऑर्डर आणि काकूंना विचारलेले प्रश्न

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी माहेरी, जुळे सोलापुरात माझं डोहाळजेवण झालं. पस्तीस माणसांचा स्वयंपाक ज्या काकूंनी केला, त्यांच्याबद्दल लिहायचं आहे. नाव देत नाही, कारण त्यांनीच सांगितलं, "नाव नका घालू ओ ताई, हायत त्या ऑर्डरीच दोघींच्यानं उरकंनात." त्या आणि त्यांची जाऊ, एवढाच कारभार. घराच्या मागच्या पडवीत चुली आणि दोन मोठ्या शेगड्या. आमच्या भागात कुणालाही विचारलं तरी घर दाखवतील.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. खाण्यापिण्याच्या बाबतीत आधी अशी चौकस नव्हते. डिसेंबरात, पाचवा महिना चालू असताना, नात्यातल्या एका लग्नाला गेले होते. पंगतीत आजी शेजारी बसलेली. बासुंदी आली. "घे गं, थंड असते, बाळाला चांगली," म्हणून तिनं स्वतःच्या हातानं दुसऱ्यांदा वाटी भरून दिली. रात्री अकराला पोटात कळ आली आणि पहाटेपर्यंत उलट्या, जुलाब, अंगात ताप. दोन दिवस सलाईनवर होते. त्या दोन दिवसांत पोटावर हात ठेवून मी नुसती बाळाची हालचाल शोधत होते. पाचव्या महिन्यात ती तशी कमीच कळते, पण हे तेव्हा डोक्यात शिरत नव्हतं.

डॉक्टर मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "बासुंदी कधी केलेली होती?" काय खाल्लं यापेक्षा त्यांना कधी केलं यात जास्त रस होता. नवऱ्यानं फोनाफोनी केली. बासुंदी आदल्या रात्री आटवून झालेली. रात्रभर झाकलेल्या पातेल्यात तशीच, आणि सकाळी बर्फाच्या लाद्यांवर ठेवून गार केलेली. मॅडम म्हणाल्या, शिजवलेला पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिला की जंतूंना रान मोकळं, आणि कोमट दूध तर त्यांचं माहेरच. काही जंतू असं विष सोडतात की नंतर पुन्हा उकळलं तरी ते जात नाही. फ्रिजमध्ये ठेवलं म्हणजे सुटलो, असंही नाही. लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रिजच्या गारव्यातही वाढतो. गरोदर बाईला त्याची लागण होण्याची शक्यता इतरांपेक्षा दहापट असते. आईला नुसती कणकण येते, अंग दुखतं, पण झळ बाळापर्यंत पोचते. न तापवलेलं दूध, त्याचं पनीर, दिवसचे दिवस फ्रिजमध्ये पडलेली क्रीमची मिठाई, ही त्याची राहायची ठिकाणं.

घरी आल्यावर मला आजीची यादी आठवली. पपई नाही, अननस नाही, तीळ उष्ण, खजूर उष्ण, संध्याकाळी दही नाही. आजीनं सहा बाळंतपणं केलीत, तिच्या शब्दाला घरात मान आहे आणि तो माझ्या मनातही आहे. कच्च्या पपईबद्दल तर डॉक्टरही तेच सांगतात, तिच्या चिकानं गर्भाशय आकुंचन पावू शकतं. (पिकलेली मी मॅडमना विचारून खाते.) पण मला ज्यानं आडवं केलं, ते या यादीत नव्हतं. ते 'थंड, पौष्टिक, आग्रहानं खाऊ घाला' या यादीत होतं. पदार्थ उष्ण की थंड हे सगळे विचारतात. तो कधी शिजला, कशात ठेवला, पाणी कुठलं, हे कुणी विचारत नाही. म्हणून डोहाळजेवणाची ऑर्डर द्यायला मी स्वतः गेले. आई नको नको म्हणत होती, "असं विचारलं तर त्यांना राग येईल गं."

काकूंना राग आला नाही, आणि हे लिहायला बसण्याचं कारण तेच आहे. दोन ठिकाणी मी याआधी असेच प्रश्न विचारले होते. एकानं "आमच्याकडं आजवर कुणाला काय झालं नाही" म्हणून फोन ठेवला. काकूंनी मात्र हातातलं काम बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि समोर बसल्या. "विचारा की. माझ्या सुनेच्या वेळी मीच शंभरदा विचारत होते."

आईच्या मनात बासुंदी होती. काकू म्हणाल्या, बासुंदी नको, खपलीची हुग्गी करू. गहू रात्री भिजत घालायचे, सकाळी सडून गुळात शिजवायचे आणि पंगत उठेपर्यंत शेगडीवरून खाली उतरवायचं नाही. वाढताना वाफ दिसली पाहिजे. सोलापूरच्या माणसाला हुग्गी म्हटल्यावर आणखी काय लागतं? त्यांच्याकडे म्हशीचा चीक येणार होता, म्हणून खरवसही करू का विचारलं. मी घाबरले. त्यांनी सांगितलं, खरवस कुकरला अर्धा तास उकडून, मधोमध सुरी घालून बघायचा, सुरी कोरडी आणि चटका बसेल इतकी गरम निघाली तरच शिजला. तरी मी नको म्हटलं. त्यांनी आग्रह केला नाही.

चुलत बहिणींना पाणीपुरी हवी होती. इथे काकू माझ्यापेक्षा कडक निघाल्या. "पाणी मी उकळून गार करते, पण पुदिना-कोथिंबीर कच्चीच की ओ. पोरींना करते. तुम्ही हात लावायचा नाही." आमच्या भागात नळाला चार दिवसांआड पाणी येतं. घरोघरी पिंपं भरलेली, त्यात दहा वेळा तांब्या बुडतो. मॅडमनी मला सगळ्यात जास्त धाक घातला होता तो पाण्यातून येणाऱ्या काविळीचा. हिपॅटायटीस ई. इतरांना ती बहुतेक वेळा आपोआप बरी होते. पण शेवटच्या तिमाहीत झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीसपर्यंत बायका दगावू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा आकडा ऐकल्यापासून रस्त्यावरची पाणीपुरी, उसाचा रस, बाहेरची हिरवी चटणी मी सोडली, आणि मला त्याची एकदाही हळहळ वाटली नाही. काकूंकडे पिण्याचं पाणी उकळून तोटीच्या स्टीलच्या टाकीत भरतात. तांब्या बुडवायचा प्रश्नच नाही. मी टाकीचं झाकण उघडून आत बघितलं, तळाला गाळ नव्हता.

आता रविवारची गोष्ट. डोहाळजेवणात दोन वाट्या झाकून ठेवतात, एकीत बर्फी, दुसरीत पेढा. जी उघडेल त्यातला घास होणाऱ्या आईनं खायचाच. म्हणजे मिठाई मला चुकणार नव्हती. आईनं बाजारातून पाव किलो खवा आणून ठेवला होता. बाबा शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी चिमूटभर खवा पाण्यात उकळून गार केला आणि आयोडीनचे दोन थेंब टाकले. पाणी निळं झालं. खव्यात स्टार्च. तो विषारी नसतो, पण खव्यात पीठ घालणारा बाकी काय काय करत असेल, असं म्हणून बाबांनी ते पुडकं तसंच टाकून दिलं.

काकू पहाटे सहाला आमच्या अंगणात आल्या. लोखंडी कढई आणि म्हशीचं पाच लिटर दूध. दोन तास त्या उलथनं घेऊन कढईच्या तळाशी घासत होत्या, एका क्षणासाठी थांबल्या नाहीत. दूध आधी फुगलं, मग दाट झालं, मग कडेनं पिवळसर साय सुटायला लागली आणि शेवटी सगळं एकत्र येऊन कढई सोडून फिरायला लागलं. साधारण किलोभर खवा निघाला. त्याचे पेढे वळताना मला म्हणाल्या, "ह्यो खवा आत्ताचा. ह्यो तू खा." तोवर मी 'ताई' होते. त्या सकाळी 'तू' झाले, आणि डोळ्यांत पाणी आलं. दुपारी मी वाटी उघडली, पेढा निघाला. निर्धास्त मनानं खाल्ला. डिसेंबरनंतर दुधाचा गोड पदार्थ मी पहिल्यांदाच खात होते.

शेंगापोळी आणि शेंगाचटणीचेही दाणे त्यांनी आदल्या दिवशी सुपात निवडले होते. काळपट, सुरकुतलेले, हिरवट बुरशी धरलेले दाणे बाजूला काढून फेकले. दाण्यावरच्या बुरशीचं विष भाजल्यानं जात नाही, हे त्यांना पुस्तकातून माहीत नसेल, पण "कडू दाणा एक जरी गेला तर पोळी वाया" हे त्यांना पक्कं माहीत आहे. पोळी अप्रतिम होती. चटणी मात्र माझ्यासारखीला फार तिखट. छातीत जळजळायला लागलं, सातव्या महिन्यात ती आधीच असते. वेगळी कमी तिखट चटणी मागून घ्यायला हवी होती, त्यांनी आपणहून विचारलं नाही.

दुसरी उणीव याहून महत्त्वाची. काकडीची कोशिंबीर सकाळी साडेनऊला चिरून दही घालून ठेवली होती. पंगत बसली एक वाजता. फेब्रुवारी असला तरी सोलापूरचं दुपारचं ऊन ते! मी विचारलं तेव्हा काकूंच्या जाऊबाई गोंधळल्या. काकूंनी क्षणभर भांड्याकडे बघितलं आणि ते माझ्या ताटापासून बाजूला नेलं. माझ्या ताटासाठी धुतलेली काकडी तिथल्या तिथे चिरून दिली. चूक कबूल केली हे मला आवडलं, पण बाकीच्या चौतीस ताटांत तीच कोशिंबीर गेली. कुणाला काही झालं नाही. तरी हे सांगायलाच हवं.

जेवण चाळीस मिनिटं उशिरा लागलं. ते मी मनावर घेतलं नाही, कारण हुग्गी, मसालेभात, भरलं वांगं सगळं ताटात वाफाळतच पडलं. कडक भाकरीला तर काळजीच नाही, ती आठवडाभर राहते. ताट दोनशे चाळीस रुपये, वरखर्च वेगळा नाही.

ज्या बहिणी माझ्या मागून या वाटेनं येताहेत, त्यांच्यासाठी आपल्या गावातल्या आणखी दोन-चार गोष्टी सांगते. गड्ड्याच्या जत्रेत मी गेले, सिद्धेश्वरांचं दर्शन घेतलं, पण गडद गुलाबी म्हातारीचे केस नाही घेतले. त्यात ऱ्होडामाइन बी नावाचा कापडाला लावायचा रंग सापडल्यावर तमिळनाडूनं आणि कर्नाटकानं २०२४ मध्ये त्यावर बंदी आणली. रंगाचे कारखाने बघितलेल्या गावाला हे वेगळं समजावायला नको. आता उन्हाळा लागलाय, गोळ्याच्या गाड्या उभ्या राहतील. माशांवर आणि कारखान्यात वापरायच्या बर्फाला निळा रंग घालायचा नियम आपल्याकडे २०१८ पासून आहे, पण लाल-हिरव्या सरबताखाली बर्फ कुठला ते कळत नाही. मी घरी उकळलेल्या पाण्याचा बर्फ करून कैरीचं पन्हं पिते. मोमो-शोरमावाल्यांकडचं पांढरं मेयोनीज कच्च्या अंड्याचं असू शकतं. शेजारच्या तेलंगणानं ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यावर वर्षभराची बंदी घातली होती. मटणाच्या घरातल्यांनी एवढं बघा, शीक आतून गुलाबी नको. कलेजी रक्त वाढवते म्हणून सासूबाई देत होत्या, मॅडमनी थांबवली, तिच्यात अ जीवनसत्त्व बाळाला सोसवणार नाही इतकं असतं.

मिठाईच्या दुकानात गेलात तर ट्रेसमोर 'अमुक तारखेपर्यंत खावी' अशी पाटी असायलाच हवी. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईलाही ते बंधनकारक आहे. पाटी नसेल तर विचारा. मी आता विचारते, आणि उत्तर मिळालं नाही तर काही न घेता येते.

आमच्या ऑफिसातल्या एकीला पाटीवरची पेन्सिल खायचे डोहाळे लागले होते. सगळे हसत होते, मी तिला मॅडमकडे नेलं. हिमोग्लोबिन साडेआठ निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि पेन्सिलीची ओढ हळूहळू गेली. गरोदरपणात ते अकराच्या खाली नको. गोळी जेवणाबरोबर घेऊन वर लगेच चहा पिऊ नका, चहा लोह शोषू देत नाही. चहा-कॉफीही मोजूनच, दिवसाला कॅफीन दोनशे मिलिग्रॅमच्या आत. मी दोन कप चहावर थांबले आहे.

काकूंना ऑर्डर द्यायची तर किमान आठ दिवस आधी जा आणि स्वतः जा, फोनवर त्या नीट बोलत नाहीत. निम्मे पैसे आधी लागतात. पन्नास माणसांच्या वर त्या घेत नाहीत. गरोदर बाईसाठी करायचंय हे पहिल्या वाक्यातच सांगा. कोशिंबीर तेवढी "पंगत बसल्यावर चिरा" असं सांगून ठेवा. बारशाच्या घुगऱ्या आणि त्याआधीचे डिंकाचे, अळिवाचे लाडू मी त्यांच्याकडेच सांगून आले आहे. अळीव आत्ता नको, बाळंत झाल्यावर, असं त्यांनीच मला बजावलं.