पडवीतलं पहिलं मशीन: लेथ की मिलिंग, जुनं देशी की नवं चिनी?

गोव्यातल्या सावईवेऱ्याला माझ्या मेहुण्याचं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग आहे. गेल्या उन्हाळ्यात तिथल्या पाण्याच्या पंपाची ग्लँड, म्हणजे शाफ्टभोवती दोरी भरून पाणी अडवतात ती जागा, गळायला लागली. दोरी बदलली, चार दिवसांत पुन्हा तेच. पंप खोलला तेव्हा दिसलं की शाफ्टवरच्या स्लीव्हवर (वरून चढवलेल्या नळीवर) दोरीने चरे पाडलेत, नख फिरवलं तर अडकावं इतके खोल. एवढ्याशा जॉबसाठी हातातलं मोठं काम उतरवायला कुठलाच वर्कशॉपवाला तयार होईना. शेवटी माझ्या पडवीत गनमेटलचा (पितळेसारख्या मिश्रधातूचा) तुकडा लेथच्या चकात, म्हणजे पकडणाऱ्या जबड्यांत, धरला आणि एका दुपारी आम्ही दोघांनी ती स्लीव्ह केली. तेव्हापासून मेहुण्याचा प्रश्न चालू आहे: भावोजी, आधी लेथ घेऊ की मिलिंग? आणि नवं घेऊ की जुनं?

माझ्याकडे आधी छोटा चिनी लेथ होता, आता साडेचार फुटी जुना देशी आहे, आणि नंतर आलेलं गोल खांबाचं एक मिलिंग-ड्रिलिंग मशीन. त्याला दिलेलं उत्तर इथे सविस्तर मांडतो.

लेथवर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, फिरतो आणि टूल सरकतं. मिलिंगवर कटर फिरतो आणि टेबलासकट जॉब सरकतो. त्यामुळे बुश, पिन, स्पेसर, पुली, शाफ्ट, आटे ही लेथची कामं, तर सपाट पृष्ठभाग, खाचा, नेमक्या अंतरावरची भोकं, कीवे (शाफ्ट आणि पुली जोडणाऱ्या चावीची खाच) ही मिलिंगची. शेतीची अवजारं असोत, होडीचं इंजिन असो की देवळाच्या रथाचं चाक, दुरुस्तीला येतं ते बहुतेक गोलच असतं, कारण जे फिरतं तेच झिजतं. शिवाय लेथवर थोडंफार मिलिंग साधतं, पण छोट्या मिलिंग मशीनवर लांब शाफ्ट टर्न करता येत नाही की आटे पाडता येत नाहीत. तुमचं काम जिग (जॉब धरायचे साचे), ब्रॅकेट, छोट्या इंजिनांची मॉडेल असं असेल तर क्रम उलटा करा. दुरुस्ती करणाऱ्याने आधी लेथच घ्यावा.

खर्चाची एक बाजू दुकानात कुणी सांगत नाही. लेथसाठी हायस्पीड स्टीलचा चौकोनी तुकडा आणला की तो बेंच ग्राइंडरवर घासत वर्षानुवर्षं चालतो. मिलिंगला मात्र जड वाइस, कॉलेट (कटर घट्ट धरणारी चिरलेली नळी), क्लॅम्प, टेबलाच्या खाचेत बसणारे टी-नट हे सगळं पहिल्याच दिवशी लागतं. त्यातून एंडमिल (मिलिंगचा दांडीवाला कटर) बोथट झाली की हाताने धार लावता येत नाही. मशीनइतकेच पैसे सामानाला लागतील असं धरून चाला.

आता जुनं की नवं. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण चूक इथेच होते.

छोटा चिनी लेथ म्हणजे साधारण सात इंची स्विंग (फिरवता येणारा मोठ्यात मोठा व्यास), चौदा इंच सेंटर अंतर (दोन टोकांमध्ये मावणारी लांबी), वजन चाळीस किलोच्या आसपास. दोघांनी उचलून टेबलावर ठेवायचा, घरच्या प्लगवर लावायचा, आणि बटण फिरवून वेग कमीजास्त करायचा. बारीक कामाला तो खरंच छान आहे. दहा मिलिमीटरची पितळी पिन करायची असेल तर मी आजही त्यालाच पसंती देईन. अडचण येते ती मोठ्या व्यासाला. माइल्ड स्टीलला हायस्पीड टूलने मिनिटाला २५ मीटर वेग धरला, तर ४० मिलिमीटर व्यासाला सुमारे २०० फेरे येतात, आणि १०० मिलिमीटरच्या पुलीला जेमतेम ८०. मोटर थेट बटणावर चालणारी असली की इतक्या कमी फेऱ्यांना तिचं बळ संपतं. टूल लोखंडात शिरतं, चक थांबतो, आणि तुम्ही पाव मिलिमीटरच्या कटावर येता. चक फिरवणाऱ्या स्पिंडलचं भोकही २० मिलिमीटरचंच, म्हणजे इंचाची दांडी आरपार जात नाही. आणि एक घरचा अनुभव: ऑक्टोबरच्या गडगडाटात माझ्या मशीनचं कंट्रोल बोर्ड जळलं, आणि नवं मिळेपर्यंत अडीच महिने लेथ नुसता टेबलावर बसून होता.

जुना देशी लेथ म्हणजे पंजाबातल्या बटाल्याचा नाहीतर राजकोटचा, आणि नशीब असेल तर हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचा किंवा एचएमटीचा. तो पट्ट्यावर आणि बॅकगिअरवर (वेग उतरवणाऱ्या जादा गिअरवर) चालतो. बॅकगिअर टाकला की फेरे कमी होतात आणि जोर वाढतो. चार-पाचशे किलोचं बिडाचं वजन थरथर पिऊन टाकतं. चिनी लेथवर पार्टिंग, म्हणजे पातीने दांडी कापून वेगळी करताना माझा जीव मुठीत असायचा; या मशीनवर तीच पाती तेल टाकत शांतपणे आत जाते. पण त्याला पक्की जमीन लागते, टेम्पो लागतो, चेन ब्लॉक लागतो, आणि घेताना पारख लागते. किंमत बऱ्याचदा दोन्हींची एकाच पल्ल्यात येते, त्यामुळे पैशांपेक्षा जागा आणि पारख यांवर निर्णय करा.

पारखीला जाताना डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं यंत्र), स्पॅनर आणि विजेरी सोबत न्या. रंगाकडे पाहू नका. नवा रंग म्हणजे नवं मशीन नव्हे. सॅडल (टूल घेऊन सरकणारा भाग) चकाजवळ आणा, जिबचे (तिची ढिलाई काढणाऱ्या पट्टीचे) स्क्रू हाताला जरा जड लागेपर्यंत आवळा, आणि सॅडल टेलस्टॉककडे, म्हणजे चकाच्या समोरच्या टोकाकडे, न्या. ती मध्येच घट्ट अडकली तर बेड (सॅडल जिच्यावर सरकते ती लोखंडी बैठक) चकाजवळ झिजलाय, कारण सगळ्यात जास्त काम तिथेच होतं. थोडी झीज चालते. वीतभर अंतरात अडकत असेल तर सोडून द्या. मग डायल गेज स्पिंडलच्या नाकावर टेकवून चकाखाली लाकडी दांडा घाला आणि वर उचला. काटा किती हलतो ते पाहा, आणि मालकाला बेअरिंग आवळायची सोय दाखवायला सांगा.

नवीन माणूस ज्याच्याकडे हमखास दुर्लक्ष करतो ती गोष्ट म्हणजे चेंज गिअर, आट्याचं माप ठरवणारे बदलायचे गिअर. बऱ्याच जुन्या देशी लेथचा लीडस्क्रू (सॅडल पुढे नेणारा लांब स्क्रू) इंची असतो, इंचाला चार आट्यांचा वगैरे. त्यावर मेट्रिक आटे पाडायचे तर १२७ दातांचा गिअर लागतो, कारण पाच इंच म्हणजे बरोबर १२७ मिलिमीटर. तो गिअर पेटीत आहे का ते मोजून बघा. नसेल तर किंमत पाडून मागा. आणि इंची लीडस्क्रूवर मेट्रिक आटे पाडताना हाफ नट (लीडस्क्रूला पकडणारं नट) मध्येच सोडू नका. टूल मागे घ्या, मशीन उलटं फिरवा, आणि पुन्हा पुढे या. हे ठाऊक नसल्याने चांगले जॉब फुकट जातात.

घरी आणल्यावर पहिली तक्रार येते ती टेपरची: सरळ कापलं तरी दांडी एका टोकाला जाड. लगेच हेडस्टॉकला (चक-स्पिंडलच्या डोक्याला) दोष देऊ नका. इंचाची दांडी चकातून शे-सव्वाशे मिलिमीटर बाहेर ठेवा, टेलस्टॉक लावू नका, मधला भाग उतरवून दोन टोकांना दोन कडी ठेवा. दोन्हींवर एकाच सेटिंगने बारीक कट घ्या आणि मायक्रोमीटरने मोजा. फरक आला तर टेलस्टॉककडच्या पायाखाली पातळ पत्रा सारून बेडचा पीळ काढा आणि पुन्हा मोजा. माझ्या पडवीची जमीन एका बाजूला उतरती आहे, बोल्ट आवळले की बेड पिळायचा. एक पूर्ण रविवार त्यात गेला आणि तो कारणी लागला.

टूलची उंची तपासायची साधी युक्ती: गोल दांडी आणि टूलच्या टोकामध्ये स्टीलची पट्टी हलकी दाबून धरा. पट्टी उभी राहिली तर टूल सेंटरवर आहे. पट्टीचं डोकं तुमच्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, पलीकडे झुकलं तर वर. पार्टिंगच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. बोअर करताना, म्हणजे आतलं भोक मोठं करताना, चर्र आवाज येत असेल तर बोअरिंग बार आत घ्या. बाहेर आलेली लांबी बारच्या जाडीच्या चौपटीत ठेवली की आवाज बसतो. त्या स्लीव्हच्या वेळी हेच करावं लागलं होतं.

मिलिंगची गरज लागली की तीन वाटा दिसतात.

पहिली, लेथवरच. क्रॉस स्लाइडवर (सॅडलवरच्या आडव्या सरकत्या भागावर) वर-खाली सरकणारी व्हर्टिकल स्लाइड बसवून जॉब तिच्यावर धरायचा आणि कटर स्पिंडलमध्ये. कटर तीन जबड्यांच्या चकात मात्र धरू नका. एंडमिलची दांडी कडक आणि गुळगुळीत, ती सरकत बाहेर येते आणि खाच खोल होत जाते. कॉलेट घ्याच. २० मिलिमीटर शाफ्टला ६ मिलिमीटर रुंद आणि ३.५ खोल कीवे अशी सहज होते, फक्त एका वेळी अर्धा मिलिमीटर. जुन्या लेथचा वेग इथे कमी पडतो: ६ मिलिमीटरच्या कटरला सुमारे १३०० फेरे हवेत, ते मिळत नाहीत, म्हणून फीड हळू ठेवावी लागते.

पुलीच्या आतली कीवे तर मी मिलिंगशिवायच करतो. बॅकगिअर टाकून आणि बुलगिअरची (स्पिंडलवरच्या मोठ्या गिअरची) पिन न काढता स्पिंडल जाम करायचा. ६ मिलिमीटर रुंद घासलेलं टूल बारमध्ये आडवं बसवायचं, आणि सॅडल हाताने पुढे-मागे न्यायची. दर खेपेला क्रॉस स्लाइड फक्त ०.०५ मिलिमीटर. २.८ मिलिमीटर खोलीला छप्पन्न खेपा होतात. खांदा दुखतो, पण कीवे सरळ येते आणि चावी हाताच्या दाबाने बसते.

दुसरी वाट, ड्रिल मशीनला क्रॉस वाइस लावून मिलिंग. ही वाट नको, असं कळकळीने सांगतो. ड्रिल चक टेपरवर नुसता दाबून बसलेला असतो. बाजूने जोर आला की तो फिरत्या कटरसकट खाली पडतो.

तिसरी, खरं मिलिंग मशीन. ड्रॉबारने (लांब बोल्टने) वरून कटर ओढून धरणारं. त्यात गोल खांबाचं स्वस्त, डव्हटेल (तिरक्या कडांच्या सरळ खाचेच्या) खांबाचं महाग. गोल खांबावर हेड वर-खाली केलं की ते खांबाभोवती जरासं फिरतं आणि साधलेलं सेंटर हरवतं. मी त्यासोबत राहायला शिकलो: एका जॉबला लागणारी सगळी टूलं एकाच उंचीत बसतील अशी आखणी आधीच करतो. पण नव्याने घेणाऱ्याला परवडत असेल तर डव्हटेलच घ्यावा. कुठलंही घ्या, कटर टेबलाच्या फीडच्या विरुद्ध दिशेने कापेल असंच चालवा. लीडस्क्रूला ढिलाई असते. दिशा उलटी झाली की कटर जॉबला स्वतःकडे ओढतो आणि दात तुटतो. चौकोनी ठोकळा काटकोनात आणताना वाइसच्या हलत्या जबड्याजवळ एक गोल दांडी आडवी ठेवा, म्हणजे जॉब पक्क्या जबड्याला नीट चिकटून बसतो. या एका दांडीने माझे ठोकळे सुधारले.

आता आपल्याकडचा पाऊस. जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की संध्याकाळी पुसलेल्या बेडवर सकाळी तांबूस बोटं उमटतात. प्लॅस्टिक घालू नका, आत घाम धरतो. अडुसष्ट नंबरचं स्लाइडवे तेल लावून वर जुनी सुती चादर घाला, आणि ट्रेमध्ये जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब पेटता ठेवा, चादरीला किंवा तेलाला न लागेल असा. एलईडीची ऊब पुरत नाही. इथे मिलिंगची काळजी जास्त, कारण उघडं सपाट लोखंड जास्त आणि टी-स्लॉटमध्ये पाणी धरणारा कचरा. समुद्राकाठी राहत असाल तर हा मुद्दा दुप्पट धरा.

विजेचं म्हणाल तर जुन्या मशीनला बहुधा तीन फेजची मोटर असते, आणि घरी एक फेज. तीन फेज जोडणीच्या मागे लागण्याआधी टर्मिनल बॉक्स उघडून बघा. वायरची सहा टोकं बाहेर असतील आणि मोटर स्टार जोडणीत ४१५ व्होल्टवर चालत असेल, तर वायरमनकडून डेल्टा जोडणी करून घेऊन एक फेजच्या व्हीएफडीवर (एका फेजची तीन फेज करणाऱ्या वेगनियंत्रकावर) ती चालते, आणि वेगही बदलता येतो. गडगडाट सुरू झाला की प्लग काढा, मशीन कुठलंही असो.

मेहुण्याने बेळगावच्या उद्यमबागेत एक सहा फुटी लेथ पाहून ठेवलाय. सॅडल शेवटपर्यंत सैलच गेली, १२७ चा गिअर पेटीत होता, आणि चकाचे जबडे तेवढे झिजलेले आहेत, ते बदलता येतील. गोठ्याशेजारच्या खोलीत काँक्रीट ओतून झालं आहे, ते सुकायला तीन आठवडे देतोय. मिलिंगचं नाव पुढच्या गणेशचवथीपर्यंत काढायचं नाही असं ठरलंय. टेम्पो मेच्या दुसऱ्या आठवड्यात चोर्ला घाटातून उतरायचा आहे. बेडला जाड ग्रीस फासून, सॅडल टेलस्टॉककडे नेऊन बांधून, आणि चक उतरवून वेगळ्या पेटीत, असं टेम्पोवाल्याला मी फोनवर दोनदा सांगितलं आहे.