गेलेल्या माणसाचे मेल: पीएसटी काढून ठेवावी की शेअर्ड मेलबॉक्स करावा?

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा पट्ट्यातल्या मधल्या आकाराच्या कारखान्यांत आयटी बघणारा बहुधा एकच माणूस असतो. परचेसचा किंवा क्वालिटीचा कुणी राजीनामा दिला की त्याच्या मेलचं काय करायचं, हा प्रश्न त्याच्याच टेबलावर येतो. गेलेल्याचं लायसन्स चालू ठेवायला अकाउंट्स तयार नसतं आणि मेल घालवायला क्वालिटी तयार नसते. वाटा दोन: सगळे मेल पीएसटी नावाच्या एका आउटलुक फाइलमध्ये काढून ठेवायचे, किंवा त्याचा मेलबॉक्स अनेकांना उघडता येणारा ‘शेअर्ड’ मेलबॉक्स करायचा. दोन्ही मी वापरल्या आहेत. लिहितोय ते मायक्रोसॉफ्ट ३६५ धरून. गूगलवाल्यांसाठी शेवटी थोडं आहे.

पीएसटीची बाजू आधी, कारण ती लोक समजतात तितकी पडकी नाही. आउटलुकमधून एक्स्पोर्ट करायचं, हार्डडिस्कवर ठेवायचं, अकाउंट बंद करून लायसन्स नव्या माणसाला द्यायचं. महिन्याचा खर्च संपला. ‘आपला डेटा आपल्या कपाटात’ असं म्हणणारे मालक आपल्याकडे खूप आहेत आणि त्यांचं म्हणणं टाकून देण्यासारखं नाही. प्रकरण कोर्टात जाणार असेल तर मी आजही पीएसटीच काढीन. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅश मूल्य (फाइलच्या मजकुरावरून निघणारा, तिच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) लिहावं लागतं, आणि एकाच गोठवलेल्या फाइलचं हॅश काढणं सोपं असतं. मात्र ती मूळ प्रत आउटलुकमध्ये उघडायची नाही. काहीही न बदलता नुसती उघडून बंद केली तरी फाइल आतून बदलते आणि हॅश जुळत नाही. बघायला वेगळी प्रत करा.

फाइल उघडी असताना वीज गेली की स्कॅनपीएसटी हे फाइल दुरुस्त करायचं साधन चालवत बसावं लागतं, आणि फाइल फुगली की ५० जीबीची मर्यादा आडवी येते. यूपीएस आणि थोडी शिस्त असली की हे दोन्ही निभतं. माझा निर्णय त्यावर झाला नाही.

निर्णय झाला तो प्रतींवरून. पीएसटी एका वेळी एकाच आउटलुकमध्ये उघडते. ती सर्व्हरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवून सगळ्यांनी वापरावी, तर मायक्रोसॉफ्टचाच त्याला आधार नाही. मग काय होतं? ग्राहकाचं ऑडिट तोंडावर येतं आणि क्वालिटीचे साहेब म्हणतात, “त्या ड्रॉइंगची रिव्हिजन त्याच्याच मेलवर आली होती, जरा काढून द्या की.” तुम्ही शोधून देता. दुसऱ्या दिवशी त्याच धाग्यातला आधीचा मेल हवा असतो. तिसऱ्या वेळी ते म्हणतात, “फाइलच द्या, मी बघतो.” पेनड्राइव्हवर एक प्रत जाते. मग परचेसला एक, स्टोअरला एक. आता त्या माणसाचे मेल नेमके कुठे कुठे आहेत, हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. त्या मेलमध्ये ड्रॉइंग असतात, तसे पगारवाढीचे आकडे असतात, आजारपणाच्या रजेचे कागद असतात, घरच्या अडचणी असतात. ते सगळं पेनड्राइव्हवर फिरतं.

मला खटकलं ते हे की अशा मेलची परतप्राप्ती तर होते, पण ते पुसणं कायमचं हातातून जातं. वाहन उद्योगात आयएटीएफ १६९४९ या गुणवत्ता मानकाप्रमाणे पार्ट अ‍ॅप्रूव्हल, टूलिंग, परचेस ऑर्डर यांच्या नोंदी तो पार्ट चालू असेपर्यंत आणि वर एक कॅलेंडर वर्ष ठेवाव्या लागतात. जीएसटीच्या नोंदींना वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने आहेत, आणि कंपनी कायद्याखाली हिशेबाच्या पुस्तकांना आठ आर्थिक वर्षं. म्हणजे ठेवण्याची मुदत लांब असली तरी तिला शेवट आहे. आणि उद्देश संपला, दुसऱ्या कुठल्या कायद्याने ठेवणं बंधनकारक नसलं, तर वैयक्तिक माहिती पुसावी, ही डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ची दिशा आहे. पाच प्रतींपैकी चारच सापडल्या, तर काय पुसलं म्हणायचं?

शेअर्ड मेलबॉक्समध्ये ही गोष्ट एका जागी राहते. अ‍ॅडमिन सेंटरमधून मेलबॉक्स ‘शेअर्ड’ केला की ५० जीबीपर्यंत लायसन्स लागत नाही. ज्यांना गरज आहे त्यांना प्रवेश द्यायचा, काम झालं की काढायचा. साहेब आपल्याच आउटलुकमध्ये शोधतात, माझ्यापर्यंत यावं लागत नाही, आणि इतरांचे खासगी मेल माझ्या नजरेखालून जात नाहीत. जुन्या पत्त्यावर ग्राहकांचे नवे मेल येत राहतात, तेही तिथेच मिळतात. पीएसटीत हे होणारच नाही. आणि एक दिवस मेलबॉक्स काढून टाकला की ३० दिवस परत आणता येतो, त्यानंतर गेला. पुसणं म्हणजे खरोखर पुसणं.

याच्याही खोड्या आहेत. मूळ यूझर अकाउंट डिलीट करायचं नाही, फक्त साइन-इन बंद करायचं. अकाउंट गेलं की त्याच्यावर उभा असलेला मेलबॉक्सही जातो. पूर्ण प्रवेश दिलेला माणूस मेल डिलीटही करू शकतो, आणि डेस्कटॉपच्या जुन्या आउटलुकमध्ये तो डिलीट केलेला मेल सहसा शेअर्ड मेलबॉक्सच्या नव्हे, तर डिलीट करणाऱ्याच्या स्वतःच्या ‘डिलीटेड आयटम्स’मध्ये जातो. मेल गायब दिसला तर आधी तिथे बघा, बरीच धावपळ वाचेल. ५० जीबीच्या वर गेलात किंवा लिटिगेशन होल्ड (खटल्यासाठी मेल पुसले जाऊ न देण्याची सोय) हवा असला तर लायसन्स लागतंच. फार मोठे मेलबॉक्स असलेल्यांना, किंवा वर्गणी थांबली तर काय या काळजीने झोप न लागणाऱ्या मालकांना, पीएसटी जवळची वाटेल. त्यांच्याशी मी वाद घालणार नाही.

दोन्ही वाटांना सारखी लागू होणारी एक गोष्ट मात्र आहे. पीएसटी काय किंवा रूपांतर काय, त्या दिवशी मेलबॉक्समध्ये जे आहे तेवढंच हाती लागतं. नोटीस पिरियडमध्ये कुणी सगळं साफ करून गेला असेल, तर ‘रिकव्हरेबल आयटम्स’ची, म्हणजे डिलीट केलेले मेल परत मिळतात त्या कप्प्याची, मूळ मुदत १४ दिवसांची आहे, पॉवरशेलच्या कमांडने ती जास्तीत जास्त ३० करता येते. ती आजच ३० करून ठेवा. मुदतीच्या आत असाल तर एक्स्चेंज अ‍ॅडमिन सेंटरमधून विषय आणि तारखेवरून नेमका मेल निवडून परत आणता येतो. पीएसटी काढून अकाउंट लगेच बंद केलं असेल, तर आधी ते अकाउंटच जिवंत करावं लागतं, आणि तेही ३० दिवसांतच. त्यामुळे एचआरने राजीनाम्याची खबर शेवटच्या दिवशी न देता राजीनामा आला त्याच दिवशी आयटीला द्यावी. कोणतीही वाट निवडा, हे ठरवून घ्या.

गूगल वर्कस्पेस वापरणाऱ्यांना असा विनालायसन्स शेअर्ड मेलबॉक्स मिळत नाही. तिथे डिलीट केलेला यूझर २० दिवसांत परत आणता येतो. ट्रॅशमधूनही गेलेले मेल अ‍ॅडमिन २५ दिवसांत परत आणू शकतो, पण तारखांच्या टप्प्याने. एकच मेल निवडून नाही. व्हॉल्ट ही गूगलची मेल जपून ठेवायची सेवा घेतली असली तरी यूझर डिलीट केल्यावर त्याचा व्हॉल्टमधला डेटाही जातो. म्हणून तिथे आधी मेल दुसऱ्या अकाउंटमध्ये हलवा, जुना पत्ता ग्रुपला जोडा, हलवलेल्यातला एखादा जुना मेल अटॅचमेंटसकट उघडतो का ते बघा, आणि मगच यूझर डिलीट करा.