बिनपक्ष की ग्रीन?

न्यू जर्सीत नुकतीच नागरिक झालेली भाची अडली होती: मतदार नोंदणीत ‘कुठलाच पक्ष नाही’ लिहू, की ग्रीन हा छोटा पर्यावरणवादी पक्ष?

प्राथमिक निवडणूक (पक्षाचा उमेदवार ठरवणारी): बिनपक्ष मतदाराला तिथे ऐन वेळी केंद्रावरच डेमोक्रॅटिक किंवा रिपब्लिकन पक्ष निवडता येतो. ग्रीनवाल्याला पक्षबदल 55 दिवस आधी करावा लागतो. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात मात्र उमेदवार ठरवताना बिनपक्षवाले बाहेरच.

जिंकण्याची शक्यता: दोन्हीकडे बोंब. 1992 च्या अध्यक्षीय निवडणुकीत अपक्ष रॉस पेरोंना जवळपास 19 टक्के मतं, इलेक्टोरल (राज्यांकडून मिळणारी, अध्यक्ष ठरवणारी) मतं शून्य! 2000 मध्ये रिपब्लिकन बुश यांनी फ्लोरिडा 537 मतांनी घेतलं आणि अध्यक्षपदही. तिथे ग्रीनच्या नेडरना 97 हजारांवर मतं होती. आपली मतं फोडली म्हणून डेमोक्रॅट अजून दात-ओठ खातात.

उमेदवार बघून मत देणारीने बिनपक्ष राहावं. पक्ष उभा करायला घाम गाळणार असेल, तर ग्रीन. भाचीला मी पहिलंच सुचवलं.