मरुपावती म्हणजे पावती नव्हे

बेळगावच्या अनगोळमधल्या एका जुन्या घरासाठी आम्ही एजंटला 2,00,000 रुपये दिले. त्यातले 15,000 परत आले. 1,85,000 गेले, आणि घरही गेलं. लिहायला लाज वाटते. पण असाच कागद वडगावातल्या आणखी एका बाईकडे आहे हे कळल्यापासून गप्प बसवत नाही.

आम्ही अडाणी नाही. आमचे हे उद्यमबागेत फौंड्रीत बावीस वर्षं कामाला आहेत. मी घरी ब्लाऊज शिवते, गल्लीतल्या भिशीचा हिशोब माझ्याकडे असतो आणि त्यात आजवर एक रुपया इकडचा तिकडे झालेला नाही. पण शिक्षण दोघांचंही मराठीत झालं. कन्नड बोलतो, बाजारहाट करतो, वाचता मात्र येत नाही. बेळगावात आमच्या वयाच्या किती जणांना येतं? एजंटला हे पक्कं ठाऊक होतं, कारण तो आपल्यातलाच, मराठी बोलणारा.

घर पसंत पडलं. मालक पुण्याला मुलाकडे असतात, किल्ली माझ्याकडेच असते, असं त्यानं सांगितलं. किल्ली आहे म्हणजे मालकानं व्यवहारही सोपवला असणार, असं आम्ही धरून चाललो. किंमत 38,50,000 ठरली. कमिशन एक टक्का, म्हणजे 38,500, तेही खरेदीखत झाल्यावर. हे सगळं तोंडी. त्याच दिवशी टोकन म्हणून 11,000 फोनपे केले. आठ दिवसांनी फोन आला, "वहिनी, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे, संचकारपत्र करून टाकूया." संचकारपत्र म्हणजे मालकाला विसार देऊन करायचा घराचा करार. मी पाटल्या पतसंस्थेत ठेवून 1,20,000 उचलले, भिशीचे आणि शिवणाचे मिळून 69,000 घातले आणि 1,89,000 रोख घेऊन आम्ही त्याच्या ऑफिसात गेलो.

तो अर्धा तास अजून डोळ्यांसमोरून जात नाही. ई-स्टॅम्पच्या मागे तीन पानं, सगळी कन्नडमध्ये. नववीतली मुलगी क्लासवरून थेट तिथे आली होती, दप्तर मांडीवर घेऊन शेजारी बसली होती. तिला शाळेत कन्नड आहे. ती वाकून वाचत होती. म्हणाली, "आई, ह्यात सेवा शुल्क लिहिलंय. आणि मरुपावती इल्ला असं काहीतरी आहे." मला त्यातलं 'पावती' तेवढं ऐकू आलं. मी म्हटलं, "देणार आहेत पावती, गप बस जरा, मोठी माणसं बोलताहेत." एजंट हसून म्हणाला, "घाबरताय कशाला वहिनी, मी आहे की. इथले कागद कन्नडमध्येच असतात." मी तिन्ही पानांवर सही केली.

मरुपावती म्हणजे परतफेड. पैसे परत मिळणार नाहीत, असं तिथे लिहिलं होतं. पोरीनं बोट ठेवून दाखवलं आणि मी तिला गप्प केलं.

कागद संचकारपत्र नव्हताच. तो आमच्यात आणि एजंटमध्ये झालेला करार होता. घरमालकाचं नाव तीन पानांत कुठेही नाही. ई-स्टॅम्पवर फर्स्ट पार्टी आणि सेकंड पार्टी छापलेलं असतं, तिथे एका बाजूला माझं नाव, दुसऱ्या बाजूला त्याचं. एवढं जरी बघितलं असतं तरी चहा न पिता उठलो असतो. घर विकणाऱ्याची सही नसेल तर तो घराचा व्यवहार नव्हे, मग कागद कितीही रुपयांचा असो.

आत काय काय होतं ते नंतर वकीलबाईंनी वाचून दाखवलं. 2,00,000 ही 'घर शोधून देण्याच्या सेवेची' रक्कम. मुदत अकरा महिने. त्या मुदतीत त्यानं दाखवलेलं कुठलंही घर आम्ही कोणत्याही मार्गानं घेतलं, अगदी थेट मालकाकडून, तरी किमतीच्या दोन टक्के त्याला वेगळे. तोंडी ठरलेला एक टक्का कुठेच नाही. पुण्याच्या मालकांना शेवटी आम्हीच गाठलं. ते म्हणाले, किल्ली फक्त साफसफाईसाठी दिली होती, विकायचा विचार नाही.

आता तक्रारीचं. पहिल्या दिवशी पोलीस ठाण्यात दोन तास बाकावर बसवलं. दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या दिवशी साहेबांनी कागद उलटासुलटा केला आणि म्हणाले, "सही तुमचीच ना? मग हे सिव्हिल मॅटर, कोर्टात जा." तक्रारीची पोचसुद्धा मागून मागून चौथ्या खेपेला दिली. एजंटला बोलावलं तेव्हा तो आत खुर्चीवर आणि आम्ही बाहेर. तिथे त्यानं 15,000 टेबलावर ठेवले, आणि आम्हालाच सांगण्यात आलं की मिटवून टाका. दुसऱ्या एका सरकारी ऑफिसात अर्ज मराठीत लिहिला म्हणून परत केला, कन्नडमध्ये लिहून आणला तर ही शाखा नाही म्हणाले. ह्यांचे सात खाडे झाले. फसवणारा एकच होता, पण फेऱ्या मारायला लावणारे किती! एकानंही सांगितलं नाही की बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. 1987 च्या विधी सेवा कायद्यात ते आहे. मला ते शिवायला आलेल्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं.

त्या वकीलबाईंनीच सांगितलं की रेराखाली, म्हणजे बिल्डर आणि एजंटांसाठीच्या कायद्याखाली, एजंटला नोंदणी सक्तीची आहे, पण ती रेरात नोंदलेल्या प्रकल्पांतल्या विक्रीसाठी. आमच्यासारखं जुनं सुटं घर त्यातून निसटतं. नवा फ्लॅट किंवा लेआउटमधला प्लॉट घेत असाल तर एजंटचा रेरा नंबर आधी मागा. बिल्डरलाही नोंदवलेल्या साठेखताशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त पैसे घेता येत नाहीत. आणि रोख देऊ नका. घराच्या व्यवहारात 20,000 किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही. आमचे 11,000 फोनवर दिसतात. 1,89,000 कशासाठी दिले ते फक्त त्याच्या कागदावर आहे, त्याच्या शब्दांत.

एवढ्यावर तो थांबलेला नाही. वडगावात 31,00,000 चं एक घर आम्हाला आमच्या नात्यातून मिळतंय. तेच घर त्यानं एकदा रस्त्यावरून दाखवलं होतं. आता 62,000 ची नोटीस आली आहे.

कमिशन किती, केव्हा आणि कोणाकडून, तो विकणाऱ्याकडूनही घेतो का, घर फिसकटलं तर पैशाचं काय, करार कधी संपतो, हे सगळं तुम्हाला वाचता येईल अशा भाषेत लिहून घ्या. कागद एक रात्र घरी आणा. तो आणू देत नसेल तर तिथूनच परत फिरा. घराची ईसी, म्हणजे घरावरचा बोजा आणि नोंदलेले व्यवहार दाखवणारा दाखला, स्वतः काढा आणि मालकाशी स्वतः बोला.

आम्ही ग्राहक आयोगात जातोय. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. पतसंस्थेचं व्याज महिन्याला 1,200 चालू आहे. तीन पानं, अकरा महिने, सेवा शुल्क, असा कागद तुमच्याही घरात असेल तर रागानं फाडू नका. पोरांकडून वाचून घ्या, झेरॉक्स काढा आणि पैसे दिल्याची तारीख आजच कुठेतरी लिहून ठेवा.