प्लगइनच्या नजरेतून आयडीई: इक्लिप्स, इंटेलिजे की व्हीएस कोड?

जावा या प्रोग्रामिंग भाषेसाठी कोणता आयडीई (कोड लिहायचं, चालवायचं आणि तपासायचं एकत्रित सॉफ्टवेअर) घ्यावा, हा वाद रंगला की लोक वेगावर बोलतात, मेमरीवर बोलतात, शॉर्टकटवरून हमरीतुमरीवर येतात. प्लगइन, म्हणजे आयडीईला वरून जोडायचा भाग, कसं बसतं हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. तिन्हीकडे उत्तर एकच वाटतं: नाव शोधा, ‘इन्स्टॉल’ दाबा. तेवढ्यावरच भागणार असेल तर तिन्हीपैकी कुठलाही घ्या, काही बिघडत नाही.

फरक पडतो तो नंतर. आयडीईची पुढची आवृत्ती आली की प्लगइन टिकतं का? त्याने गोंधळ घातला तर मागे फिरता येतं का? आणि एका मशीनवर जमवलेला संच इंटरनेट नसलेल्या वीस मशीनवर नेता येतो का? मी तुलना केली आहे ती या तीन प्रश्नांवर. व्हीएस कोड हा आयडीई नाही, साधा एडिटर आहे, असं म्हणणारे असतील. पण जावाची एक्स्टेन्शन्स (प्लगइनला तिथे हेच नाव आहे) चढवल्यावर तो आयडीईचीच कामं करतो, त्यामुळे त्याला यादीत घेतलं आहे.

इक्लिप्स: दारं अनेक, हिशेब पक्का

इक्लिप्समध्ये जवळजवळ सगळंच प्लगइन आहे. जावा एडिटरसुद्धा. २००४ च्या ३.० आवृत्तीपासून त्याचा पाया ओएसजीआय या मॉड्यूल-पद्धतीवर उभा आहे, आणि २००८ च्या गॅनिमिड आवृत्तीत पी-टू नावाची बसवणी-यंत्रणा आली. आजही प्लगइन कुठल्याही दाराने आत आलं तरी हिशेब पी-टूच ठेवतो. कोणत्या प्लगइनला कोणतं लागतं, कोणत्या आवृत्तीपासून कोणत्या आवृत्तीपर्यंत चालतं, हे कोडं तो सॅट-फोर-जे या गणिती सॉल्व्हरकडून सोडवून घेतो. म्हणून इक्लिप्समध्ये ‘नेक्स्ट’ दाबल्यावर ती हिरवी पट्टी रेंगाळते.

सोपं दार म्हणजे ‘हेल्प’ मेनूतलं ‘इक्लिप्स मार्केटप्लेस’. हे २०१० च्या हेलिऑसपासून आहे. ब्राउझरमधल्या मार्केटप्लेसच्या पानावरचं ‘इन्स्टॉल’ बटण ओढून उघड्या इक्लिप्सवर सोडलं तरी बसवणी सुरू होते. नव्या माणसाला हे दाखवलं की तो हमखास खूश होतो.

दुसरं दार जुनं आणि जास्त कामाचं: त्याच मेनूतलं ‘इन्स्टॉल न्यू सॉफ्टवेअर’. ‘वर्क विथ’ च्या रकान्यात प्लगइनच्या अपडेट साइटचा (ते जिथून उतरतं त्या जागेचा) पत्ता टाकायचा, यादीतल्या हव्या त्या नावांवर खूण करायची, लायसन्स मान्य करायचं, शेवटी रीस्टार्ट. इथे खालच्या तीन चौकटी लोक बघतच नाहीत, आणि निम्मी डोकेदुखी तिथेच असते. पत्ता बरोबर असूनही यादी रिकामी दिसली तर ‘ग्रुप आयटम्स बाय कॅटेगरी’ ची खूण काढा. साइट बनवणाऱ्याने वर्गवारी केलेली नसते. जुनी आवृत्ती हवी असेल तर ‘शो ओन्ली द लेटेस्ट व्हर्जन्स’ ची खूण काढा. आणि नेट मंद असेल तर ‘कॉन्टॅक्ट ऑल अपडेट साइट्स’ ची काढा, म्हणजे तो नोंदवलेल्या प्रत्येक साइटचं दार ठोठावत बसणार नाही. मात्र प्लगइनला लागणारी एखादी गोष्ट दुसऱ्या साइटवर असेल, तर ही शेवटची खूण ठेवावीच लागते.

‘कॅनॉट कम्प्लीट द इन्स्टॉल’ ने सुरू होणारा लांबलचक संदेश हा इक्लिप्सचा बदनाम चेहरा. तो वाचायला कंटाळा येतो खरा, पण त्यात कारण लिहिलेलं असतं: अमुक प्लगइनला तमुक गोष्ट या आवृत्तीपासून पुढची हवी, आणि ती तुमच्याकडे नाही. बहुतेक वेळा तुमचं इक्लिप्स जुनं असतं आणि प्लगइन ताजं. २०१८ पासून इक्लिप्स दर तीन महिन्यांनी येतं, त्यामुळे हे अंतर पटकन वाढतं. शिवाय २०२२-०९ च्या आवृत्तीपासून इक्लिप्स स्वतः चालायलाच किमान जावा १७ लागू लागलं, आणि आताच्या आवृत्त्यांना जावा २१ लागतं. तुमचा प्रोजेक्ट जावा ८ वर असला तरी हरकत नाही. प्रोजेक्टचा जावा वेगळा, आयडीईचा वेगळा.

मागे फिरण्याच्या बाबतीत इक्लिप्स या तिघांत सरस आहे, असं माझं ठाम मत आहे. ‘अबाउट’ मधून ‘इन्स्टॉलेशन डिटेल्स’ उघडा, ‘इन्स्टॉलेशन हिस्टरी’ च्या टॅबवर जा. प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद असते. जुनी नोंद निवडून ‘रिव्हर्ट’ दाबलं की संपूर्ण संच त्या दिवशीच्या स्थितीत जातो. एकेक प्लगइन आठवून काढत बसावं लागत नाही.

संच दुसरीकडे नेण्याचीही सोय आहे. ‘एक्स्पोर्ट’ मध्ये ‘इन्स्टॉल’ गटाखाली बसवलेल्या गोष्टींची यादी फाइलमध्ये काढता येते आणि दुसऱ्या मशीनवर ‘इम्पोर्ट’ करता येते. ही फक्त यादी असते, माल नेटवरूनच येतो. नेट नसेल तर दोन उपाय. प्लगइनचा निर्माता अपडेट साइटची झिप देत असेल तर ‘ॲड’ मधल्या ‘आर्काइव्ह’ ने ती झिप थेट दाखवा, सोडवू नका. किंवा एका मशीनवर सगळं बसवा आणि अख्खं इक्लिप्सचं फोल्डर उचलून बाकीच्यांवर टाका. कॉलेजच्या लॅबसाठी किंवा बँकेच्या बंद नेटवर्कसाठी ही दुसरी पद्धत उत्तम, पण एक अट आहे. इक्लिप्स झिपमधून उतरवलेलं असावं. ‘इक्लिप्स इन्स्टॉलर’ वापरला असेल तर तो प्लगइनच्या फाइली वापरकर्त्याच्या होम फोल्डरमधल्या सामाईक साठ्यात ठेवतो. मग तुम्ही कॉपी केलेल्या फोल्डरात सांगाडाच असतो.

‘ड्रॉपिन्स’ फोल्डरात जार (जावा कोडची बांधलेली फाइल) टाकून रीस्टार्ट करा, असा सल्ला जुन्या लेखांत सापडतो. चालतं, पण काही अडलं तर तिथे कुणी काही सांगत नाही. प्लगइन नुसतं दिसतच नाही. स्वतः लिहिलेल्या प्लगइनच्या चाचणीपुरतं ठीक.

इंटेलिजे आयडिया: सोपं, कारण नियम कडक

‘सेटिंग्ज’ मध्ये ‘प्लगइन्स’, तिथे ‘मार्केटप्लेस’ आणि ‘इन्स्टॉल्ड’ असे दोन टॅब. शोधा, बसवा. इंटेलिजे बनवणाऱ्या जेटब्रेन्स कंपनीबाहेरच्या कुणाचं प्लगइन असेल तर पहिल्यांदा एक सूचना मान्य करावी लागते. २०२०.१ पासून बरीचशी प्लगइन्स रीस्टार्टशिवायच चालू होतात.

प्रत्येक प्लगइन आपल्या वर्णनात सांगतं की ते आयडीईच्या कोणत्या बिल्डपासून (म्हणजे आवृत्तीच्या अंतर्गत क्रमांकापासून) चालेल, आणि लेखकाने मर्यादा घातली असेल तर कोणत्या बिल्डपर्यंत. २०२४.१ चा बिल्ड क्रमांक २४१ ने सुरू होतो, याच हिशेबाने पुढचे. मार्केटप्लेस तुमच्या बिल्डला बसणारीच आवृत्ती पुढे करतं, त्यामुळे इक्लिप्समधला तो लांब संदेश इथे सहसा दिसत नाही. उलट बाजू अशी की आयडिया अपडेट केली आणि प्लगइनच्या लेखकाने वरची मर्यादा वाढवलेली नसली, तर प्लगइन बंद पडू शकतं. कोड चालण्यासारखा असला तरीही! एकट्याने सांभाळलेल्या छोट्या प्लगइन्सच्या बाबतीत असं होतं. म्हणून एखाद्या प्लगइनवर तुमचं रोजचं काम अवलंबून असेल, तर आयडिया अपडेट करण्याआधी प्लगइनच्या पानावरचा ‘व्हर्जन्स’ टॅब बघून घ्या.

त्याच टॅबवरून झिप उतरवून नेट नसलेल्या मशीनवर ‘इन्स्टॉल प्लगइन फ्रॉम डिस्क’ ने बसवता येते. हा पर्याय ‘प्लगइन्स’ च्या पानावर गिअरच्या चिन्हामागे आहे. इथेही झिप सोडवायची नाही. मोठ्या कंपनीत स्वतःची रिपॉझिटरी (प्लगइन्सचा साठा) उभारून तिचा पत्ता त्याच गिअरमागे नोंदवता येतो.

टीमसाठी एक चांगली सोय आहे, जी मी फार कमी ठिकाणी वापरात पाहिली: ‘रिक्वायर्ड प्लगइन्स’. प्रोजेक्टला कोणती प्लगइन्स लागतात हे सेटिंग्जमध्ये लिहून ठेवा. ती फाइल गिटमध्ये (टीमच्या सामाईक कोडसाठ्यात) गेली की प्रोजेक्ट उघडणाऱ्या प्रत्येकाला आयडिया स्वतःच सांगते की अमुक बसवा. किमान आवृत्तीही ठरवून देता येते.

मागे फिरणं मात्र इक्लिप्ससारखं नाही. प्लगइन बंद करता येतं, काढता येतं, जुनी झिप डिस्कवरून घालता येते. पण ‘गेल्या मंगळवारी होतं तसं कर’ म्हणायला बटण नाही.

व्हीएस कोड: झटपट, आणि स्वतःहून बदलणारा

कंट्रोल, शिफ्ट आणि एक्स. शोधा, ‘इन्स्टॉल’. बहुतेक वेळा रीस्टार्टही नाही. जावासाठी ‘एक्स्टेन्शन पॅक फॉर जावा’ घेतला की भाषेचा आधार, डीबगर, टेस्ट रनर, मेव्हन (प्रोजेक्ट बिल्ड करणारं साधन) हे एका झटक्यात येतं. भाषेचा आधार देणारं त्यातलं एक्स्टेन्शन रेड हॅट कंपनीचं आहे, आणि त्याच्या पोटात इक्लिप्सचंच जावा इंजिन चालतं. इक्लिप्सला म्हातारा म्हणणारे बरेच जण रोज तेच वापरत असतात.

एक्स्टेन्शन्स आपोआप अपडेट होतात. एकट्याच्या लॅपटॉपवर ही सोय, टीममध्ये कधी कधी ताप. सकाळी एकाच्या मशीनवर फॉरमॅटिंग बदललेलं, दुसऱ्याच्या नाही. एखाद्या एक्स्टेन्शनपुरतं ऑटो अपडेट बंद करून विशिष्ट आवृत्ती बसवता येते, हे लक्षात ठेवा. दोष कुणाचा हे शोधायला ‘एक्स्टेन्शन बायसेक्ट’ आहे: तो निम्मी एक्स्टेन्शन्स बंद करतो, त्रास गेला का विचारतो, मग उरलेल्यांतली निम्मी, असं करत गुन्हेगारापर्यंत पोचतो. बाकी दोघांनी हे उचलावं.

प्रोजेक्टच्या फोल्डरात शिफारशींची एक छोटी फाइल ठेवली की उघडणाऱ्याला एक्स्टेन्शन्स सुचवली जातात. पण ती सूचनाच; किमान आवृत्तीची अट तिथे नाही. नेट नसेल तर व्हीएसआयएक्स फाइल (बांधलेलं एक्स्टेन्शन) दुसऱ्या मशीनवर उतरवून आणायची. इथे सावध: रेड हॅटचं जावा एक्स्टेन्शन विंडोज, लिनक्स, मॅकसाठी वेगवेगळं मिळतं. विंडोजवर उतरवलेली फाइल लिनक्सच्या लॅबमध्ये नेऊन उपयोग नाही. शिवाय पॅकची व्हीएसआयएक्स म्हणजे नुसती नावांची यादी, आतली एक्स्टेन्शन्स एकेक करून आणावी लागतात.

व्हीएससोडियम किंवा कर्सर, म्हणजे व्हीएस कोडच्याच कोडवरून बनलेले दुसरे एडिटर, वापरत असाल तर तुमचं दुकानच वेगळं आहे. मायक्रोसॉफ्टचं मार्केटप्लेस त्यांच्याच उत्पादनांपुरतं खुलं असल्याने हे एडिटर ओपन व्हीएसएक्स या खुल्या दुकानाचा आधार घेतात. ते चालवते इक्लिप्स फाउंडेशन. तिथे काही नावं सापडत नाहीत, तर काहींची आवृत्ती मागे असते.

एकच उदाहरण, तिन्हीकडे: लॉम्बॉक

स्प्रिंगचा (जावातल्या एका लोकप्रिय फ्रेमवर्कचा) एखादा प्रोजेक्ट क्लोन केला, म्हणजे उतरवून घेतला, उघडला आणि ‘गेटनेम नावाची मेथड नाही’ अशा लाल रेघांनी पडदा भरला, की समजावं लॉम्बॉक, म्हणजे अशा मेथड आपोआप तयार करून देणारी जावाची लायब्ररी, आयडीईत बसलेली नाही. मेव्हनने बिल्ड होतं, आयडीई मात्र कुरकुरतो.

इंटेलिजेमध्ये २०२०.३ पासून लॉम्बॉकचं प्लगइन आयडीईबरोबरच येतं. ॲनोटेशन प्रोसेसिंग चालू करायला तो सांगेल, हो म्हणा. व्हीएस कोडमध्ये रेड हॅटच्या एक्स्टेन्शनने २०२२ मध्ये हा आधार आतच घातला, त्यामुळे जुन्या लेखात वेगळं लॉम्बॉक एक्स्टेन्शन बसवायला सांगितलं असेल तर ते वगळा.

इक्लिप्समध्ये गंमत आहे. रुळलेली रीत अशी की लॉम्बॉकची जार डबल-क्लिक करून चालवायची. ती इक्लिप्स शोधते आणि त्याच्या आयएनआय फाइलमध्ये जावा एजंटची (जावाबरोबरच सुरू होणाऱ्या कोडची) एक ओळ घालते. म्हणजे हे पी-टूच्या वहीत येतच नाही! मघाशी ज्या ‘रिव्हर्ट’ चं कौतुक केलं ते इथे कामाचं नाही. काढायचं तर तीच जार पुन्हा चालवून ‘अनइन्स्टॉल’. इक्लिप्सचं फोल्डर दुसरीकडे कॉपी केलं असेल तर त्या ओळीतला जारचा पत्ता बरोबर आहे ना, हे बघा. लॅबमध्ये सगळ्या मशीनवर एकदम लॉम्बॉक चालेनासं झालं तर पहिला संशय याच ओळीवर घ्या.

आणि तिन्हीकडे लाल रेघा कायम राहिल्या तर आयडीईला दोष देऊ नका. लॉम्बॉक कंपायलरच्या आतल्या भागांत हात घालतं, त्यामुळे जावा बदलला की तेही बदलावं लागतं. जावा २१ साठी किमान १.१८.३० हवं.

विश्वासाचं काय?

तिन्हीकडे प्लगइन तुमच्याच अधिकारांनी चालतं. तुमच्या फाइली, तुमच्या चाव्या, सगळं त्याला वाचता येतं. इक्लिप्स सही आणि स्रोत दाखवून ‘ट्रस्ट’ विचारतो, इंटेलिजे सही तपासतो, व्हीएस कोड प्रकाशकावर भरवसा आहे का विचारतो. तिन्ही खिडक्या लोक न वाचता मिटवतात. व्हीएस कोडमध्ये मिळत्याजुळत्या नावांची गर्दी सर्वांत जास्त, म्हणून तिथे प्रकाशकाचं नाव नक्की वाचा.

मग घ्यायचं कोणतं?

शिकत असाल, लॅपटॉपची मेमरी बेताची असेल आणि जावासोबत पायथन, जावास्क्रिप्टही चालू असेल, तर व्हीएस कोड. प्रत्येक भाषेसाठी वेगळं प्रोफाइल करा, म्हणजे एक्स्टेन्शन्सची खिचडी होत नाही.

नोकरीत, टीममध्ये, रोज जावा किंवा कोटलिन लिहायचं असेल तर इंटेलिजे. प्लगइनच्या भानगडी तिथे सर्वांत कमी होतात, कारण लागणारं बरंचसं आधीच आत असतं.

लॅब, बंद नेटवर्क, वर्षभर न हलणारा ठरलेला संच, किंवा स्वतःचं प्लगइन लिहून वाटायचं असेल, तर इक्लिप्स. एकदा नीट बसवलं की ते आपणहून बदलत नाही, आणि बदललं तरी मागचा दिवस परत आणता येतो.

टीममध्ये तिन्ही वापरणारे असतील तर कुणाला बदलायला लावू नका. फॉरमॅटिंग आणि कोड तपासणीचे नियम मेव्हन किंवा त्यासारख्याच ग्रेडलमध्ये टाका, आणि कोडमधल्या चुका दाखवणारं सोनारक्यूब फॉर आयडीई (जुनं नाव सोनारलिंट) तिन्हीकडे मिळतं, ते ज्याने त्याने आपापल्या घरी बसवावं.