गाईड बांधण्याआधी चुंबक लावून बघा

मासेमारीचा तयार रॉड घेण्यापेक्षा ब्लँक (रॉडची नुसती कांडी) आणून स्वतः बांधायची ज्यांना हौस आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. गाईडच्या, म्हणजे लाईन (गळाची दोरी) ज्यांतून जाते त्या रॉडवरच्या कड्यांच्या, बाबतीत मी चांगलाच पोळलोय.

खाडीत जिताडा मासा पकडण्यासाठी ९ फुटी रॉड बांधायला घेतला होता. ऑनलाइन एक विक्रेता भेटला. फ्रेम टायटॅनियमची, आत सिलिकॉन कार्बाइडची रिंग, नावाजलेल्या जपानी कंपनीचं सीलबंद पाकीट आणि भाव बाजाराच्या निम्मा. कारण विचारलं तर म्हणाला, "दादा, दुकान बंद करतोय, जुना स्टॉक आहे." वर आणखी एक सोय: गाईडचे पाय (दोऱ्याने ब्लँकवर बांधायच्या पट्ट्या) आधीच घासून निमुळते केलेले. पाय निमुळता नसेल तर दोरा ब्लँकवरून पायावर नीट चढत नाही, मध्ये फट राहते. कानशीने एकेक पाय घासण्यात अख्खी संध्याकाळ जाते. ती वाचतेय म्हटल्यावर कोण नको म्हणेल?

खरी मेख तिथेच होती. टायटॅनियम आरपार एकाच रंगाचं. पाय घासला असता तर काळ्या मुलाम्याखाली काय दडलंय ते लगेच दिसलं असतं. पठ्ठ्याने घासायचं कामच ठेवलं नाही!

बाकी काम नेहमीसारखं. ब्लँकचा कणा (वाकवताना सगळ्यात ताठ लागणारी बाजू) शोधला, गाईड चिकटपट्टीने टेकवले, लाईन ओवून रॉड वाकवून पाहिला, दोरा गुंडाळला, वरून इपॉक्सीचा (सुकून कडक होणाऱ्या राळेचा) लेप लावून मोटरवर फिरत ठेवला. दिसायला देखणा झाला.

खाडीचं पाणी लागल्यावर पारदर्शक इपॉक्सीच्या आत, पायाच्या कडेकडेने, तांबूस रेघ पसरू लागली. रॉड दर वेळी गोड्या पाण्याने धुतलेला. मग ब्रेडेड (तंतू विणून केलेली) लाईन विसविशीत होऊन कास्ट करतानाच, म्हणजे गळ फेकतानाच, तुटायला लागली. टोकाजवळच्या गाईडमध्ये कापसाचा बोळा फिरवला, तर तंतू अडकले. नखाला खाच लागत होती. खऱ्या सिलिकॉन कार्बाइडला लाईनने अशी खाच पडत नाही. शेवटी फ्रिजवरचं चुंबक लावलं. टक्कन बसलं. टायटॅनियमला चुंबक चिकटतच नाही.

विक्रेत्याचं उत्तर तयार होतं: "बांधलेला माल परत घेत नाही. मीठ धुतलं नसेल तुम्ही." त्यानंतर नंबर ब्लॉक. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला १९१५ वर तक्रार केलीय. पैसे पाठवल्याची नोंद आणि चॅट जपून ठेवा, पुरावा तोच.

तेव्हा दोरा गुंडाळायच्या आधीच एक गाईड बळी द्या. पाय स्वतः घासून बघा. सुईचं टोक रिंगच्या आतून दाबून ओढा. अस्सल सिरॅमिकवर फार तर सुईचाच करडा माग राहतो आणि तो पुसला जातो, मुलाम्यावर मात्र ओरखडा उठतो. चुंबकाची परीक्षा टायटॅनियमपुरतीच. चांगलं ३१६ स्टील (स्टेनलेस स्टीलचा एक प्रकार) असलं तरी तेसुद्धा वाकवलेल्या जागी चुंबकाकडे किंचित ओढलं जातं.

बांधून झाले असतील तर इपॉक्सी हेअर ड्रायरने ऊन करा आणि ब्लेड फक्त गाईडच्या पायावरून चालवा. ब्लँकच्या कार्बनला चीर गेली तर रॉड नेमका तिथेच मोडतो. आणि टायटॅनियम खिशाला जड जात असेल, तर ३१६ स्टीलचे गाईड घ्या. गोड्या पाण्याने धुतले तर खाडीतही पुष्कळ टिकतात.