बिट.ट्रिप बीट: पाँगच्या फळीवर वाजणारं गाणं
तालावर बटणं दाबायची नाहीत, तरीही अस्सल रिदम गेम, असं 'बिट.ट्रिप बीट'चं वेगळेपण आहे. पडद्याच्या डाव्या कडेला उभी फळी, उजवीकडून येणारे चौकोनी ठिपके, आणि फळी वर-खाली सरकवून ते परतवायचे. 1972 सालच्या अटारीच्या 'पाँग'ची मांडणी यात उघड दिसते. पण इथे ठिपका फळीला लागला की सूर वाजतो आणि तो मागच्या संगीतात चपखल बसतो. ठिपका सुटला तर सूर गाळला जातो, आणि ते लगेच कानाला जाणवतं. गाइजिन गेम्सने 2009 मध्ये हा गेम वीवेअरवर, म्हणजे निन्टेंडोच्या 'वी' या गेम कन्सोलच्या डाउनलोड सेवेवर, आणला. नंतर तो पीसी आणि निन्टेंडोच्याच स्विच कन्सोलवरही आला.

गेमची खरी हुशारी दोन पट्ट्यांमध्ये आहे. ठिपके परतवत राहिलात की वरची पट्टी भरते आणि तुम्ही सुरुवातीच्या 'हायपर' पातळीतून वरच्या 'मेगा'मध्ये जाता. संगीत भरगच्च होतं, गुणही झपाझप वाढतात. ठिपके सुटत गेले की खालची पट्टी भरते आणि तुम्ही 'नेदर'मध्ये पडता. तिथे रंग जातात, संगीत जातं, काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके उरतात. वीवर तर तेव्हा आवाज फक्त हातातल्या रिमोटच्या छोट्या स्पीकरमधून येतो. इथे ठिपके परतवून वरची पट्टी भरलीत तर पुन्हा वर येता. नाहीतर गेम ओव्हर. शिक्षा म्हणून गाणंच काढून घेणं ही कल्पना फार सुंदर आहे. गंमत म्हणजे नेदरमध्ये ठिपके जास्त स्पष्ट दिसतात, म्हणून तिथून सावरणं वाटतं तितकं अवघड नाही.

अवघड आहे ती लांबी. लेव्हल तीनच, पण एकेक दहा-पंधरा मिनिटांची, आणि मध्ये एकही चेकपॉइंट नाही. शेवटच्या बॉसपाशी, म्हणजे लेव्हलच्या टोकाच्या मोठ्या आव्हानापाशी, हरलात तरी पहिल्या ठिपक्यापासून सुरुवात. त्यात मागची रंगीबेरंगी दृश्यं मेगामध्ये इतकी चमकतात की ठिपके त्यात हरवतात. हा दोष खराच, आणि तो नेमका तुम्ही चांगलं खेळत असताना आडवा येतो.

खेळताना नजर फळीवर ठेवू नका, पडद्याच्या उजव्या अर्ध्या भागावर ठेवा. ठिपके सुटे सुटे न बघता तीन-चारच्या गटात बघा. गट पुन्हा पुन्हा येतात आणि हाताला त्यांची चाल बसते. काही ठिपके फळीवर आपटून पुन्हा परत येतात, त्यामुळे एकदा मारला म्हणून नजर काढू नका. एखादा सुटलाच तर सोडून द्या. त्याच्या मागे धावलात की पुढचे तीन जातात.

वीवर रिमोट आडवा धरून पुढे-मागे कलवायचा असतो. आतला ॲक्सेलरोमीटर कल मोजतो, पण हाताचा झटकाही त्यालाच जाणवतो. म्हणून घाईत हिसका दिला की फळी थरथरते. कोपरं मांडीवर टेकवा आणि फक्त मनगट फिरवा. पीसीवर माउसने खेळता येतं आणि नेमकेपणा तिथे जास्त मिळतो. फळी ठिपक्याच्या पुढे निघून जात असेल तर माउसची सेन्सिटिव्हिटी कमी करा.

टीव्हीचा 'गेम मोड' सुरू करा. चित्र उशिरा आलं की फळी हाताच्या मागे राहते आणि तुम्ही गरजेपेक्षा जास्त कलवता. ब्लूटूथ हेडफोन टाळलेले बरे. इथे योग्य जागी असणं पुरेसं असल्याने आवाज उशिरा आला तरी गुण जात नाहीत, पण कानाच्या भरवशावर हलणाऱ्याची फळी मात्र उशिरा पोहोचते.

चार जण एकत्र खेळू शकतात, तेव्हा चुका बऱ्याच झाकल्या जातात. एकट्याने आणि चेकपॉइंटशिवाय जमणार नसेल, तर मालिकेतला सहावा, 2011 चा 'बिट.ट्रिप फ्लक्स' आधी घ्या: खेळ याच धाटणीचा, फळी उजव्या कडेला, आणि चेकपॉइंट दिलेले आहेत.